शेततळ्यात मासे किती आणि ते कधी, कसे काढायचे

शेततळे बागेसाठी असते. मासे त्यातले पाहुणे. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हे विसरून चालत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नव्या फुटीला पाणी लागते आणि त्याच दिवसांत तळ्याची पातळी झपाट्याने उतरते. थंडीत सुस्त बसलेला मासा मात्र मार्चपासून भरभर वाढायला लागतो. म्हणजे मासा सर्वांत जड असतो तेव्हा पाणी सर्वांत कमी असते. नवख्या माणसाचे नुकसान बहुतेक वेळा इथेच होते. तळ्यात मासे किती, याचा त्याला अंदाज नसतो. पाणी उपसत जातो आणि एका पहाटे सगळे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात.

त्यामुळे नुसता ‘मासे किती’ हा आकडा पुरेसा नाही. एकूण किती किलो मासा आहे आणि तो किती पाण्यात आहे, हे दोन्ही कळले पाहिजे. पुढची सगळी रीत अस्तरीकरण केलेल्या (प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या), ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यावर मांडली आहे. आपले तळे लहान-मोठे असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी पाणी मोजा

तळ्याचे काठ उतरते असतात, त्यामुळे लांबी × रुंदी × खोली असा हिशोब केला तर पाणी जास्त दिसते. १:१ उताराच्या (एक मीटर खाली गेले की एक मीटर आत येणाऱ्या), ३० मीटर चौरस आणि ३ मीटर खोल तळ्याचा तळ २४ × २४ मीटर असतो. अशा तळ्यासाठी सोपे सूत्र असे: तळाच्या बाजूत पाण्याची खोली मिळवा, त्या बेरजेचा वर्ग करा आणि त्याला पुन्हा खोलीने गुणा. उत्तर घनमीटरमध्ये येते. उतार १.५:१ असेल तर बाजूत खोलीच्या दीडपट मिळवा.

या सूत्राने आपल्या तळ्यात निघणारे पाणी:

३ मीटरवर सुमारे २,१८७ घनमीटर
२ मीटरवर १,३५२
१.५ मीटरवर ९७५
१ मीटरवर ६२५
०.५ मीटरवर ३००

एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पातळी ३ वरून १ मीटरवर आली की दोन तृतीयांश पाणी गेले असे वाटते, पण खरे तर सुमारे ७१ टक्के पाणी कमी होते. उताराने केलेली ही फसवणूक लक्षात ठेवा. प्लॅस्टिकवर ऑइलपेंटने दर २५ सेंटिमीटरला एक रेघ मारून ठेवली तर रोज पट्टी घेऊन उतरावे लागत नाही. खोली तळापासून उभी मोजायची, उतारावरून तिरकी नाही. १:१ उतारावर तिरके अंतर उभ्या खोलीच्या सुमारे १.४ पट भरते, म्हणून उतारावर रेघांमधले अंतर ३५ सेंटिमीटर घ्यावे.

वहीतला अंदाज

पहिला अंदाज जाळे न भिजवता निघतो. बीज किती सोडले आणि कोणत्या आकाराचे सोडले, एवढे वहीत असले की पुरे. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) किंवा अर्धबोटुकली (बोटुकलीहून लहान पिल्ले) सोडली असेल तर किती जगली, हे सांगणे अवघड. निम्म्याहून बरीच कमी उरलेली असू शकते. आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली सोडली आणि पक्ष्यांचा बंदोबस्त नीट केला तर ७० ते ८० टक्के जगतील, असे धरायला हरकत नाही.

नांदूरमधमेश्वरच्या बाजूला तळे असेल तर हा टक्का खाली धरा. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि तिथल्या पाणकावळ्यांना तुमच्या तळ्याची वाट विचारावी लागत नाही. द्राक्षावर टाकतो तीच पक्ष्यांची जाळी किंवा दोन-दोन मीटरवर आडवे ताणलेले चमकी दोरे पहिल्या तीन महिन्यांत उपयोगी पडतात. नंतर मासा मोठा झाला की धोका बराच कमी होतो. पक्षी मारायचे नाहीत. तो गुन्हा आहे.

उदाहरण म्हणून समजा, ऑगस्टमध्ये ८०० बोटुकली सोडली: कटला २४०, रोहू ३२०, मृगळ २४०. ७५ टक्के जगली असे धरले तर कटला १८०, रोहू २४०, मृगळ १८०, एकूण ६००. वही इथवरच नेते. या ६०० वर विश्वास ठेवून लगेच व्यापाऱ्याला गाडी पाठवायला सांगू नका.

वजनासाठी नमुना

महिन्यातून एकदा, सकाळचे खाद्य टाकण्याआधी, फेकजाळ्याने नमुना घ्यावा. पोट भरलेला मासा जास्त भरतो आणि हाताळणीत लवकर दमतो. जाळ्याची आस (भोकाचा आकार) २० ते २५ मिलिमीटर असावी; याहून मोठी घेतली तर लहान मासे निसटतात आणि सरासरी उगाच फुगते.

नवखा माणूस हमखास खाद्याच्या जागी जाळे टाकतो, कारण तिथे मासे मिळतात. पण खाद्यावर सर्वांत आधी येतात ते दांडगे मासे. मागे राहिलेला, अंगाने बारीक मासा त्या जाळ्यात येतच नाही. म्हणून चारही बाजूंना एकेक आणि मध्याकडे एक, असे किमान पाच फेक करा. रिकामा फेकही वहीत लिहा. प्रत्येक जातीचे निदान २५ मासे हातात येईपर्यंत फेरी चालू ठेवा. ते एका दिवसात जमले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

मासा ओल्या हाताने धरायचा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि आठवड्याभरात तिथे बुरशी येते. पकडलेले मासे तळ्यातच बांधलेल्या बारीक जाळीच्या हाप्यात ठेवा. वजन करताना भिजवलेल्या जाळीच्या पिशवीचे वजन आधी वजा करा. एकेक मासा तोलायची गरज नाही. जातीवार मोजून एकत्र तोला आणि भागाकार करा.

समजा एप्रिलच्या शेवटी कटल्याची सरासरी ७२० ग्रॅम, रोहूची ५५० आणि मृगळाची ४८० आली. वहीतल्या संख्येने गुणले तर कटला १३० किलो, रोहू १३२, मृगळ ८६, एकूण सुमारे ३४८ किलो. सगळ्या माशांची एकच सरासरी काढून ६०० ने गुणण्याचा मोह टाळा. कटला वरच्या थरात असतो आणि फेकजाळ्यात पटकन येतो. मृगळ तळाशी राहतो आणि कमी येतो. एकत्र सरासरीत कटल्याचे वजन जास्त शिरते आणि आकडा चढा निघतो.

खूण करून मोजणी

वहीतली संख्या खरी की खोटी, हे तपासायचे असेल तर ही रीत सर्वांत विश्वासाची. तत्त्व सोपे आहे. पोत्यातल्या गव्हात मूठभर लाल केलेले दाणे मिसळले, पोते हलवले आणि पुन्हा मूठ काढली, तर त्या मुठीत लाल दाणे किती निघतात यावरून पोत्यात गहू किती, हे काढता येते. डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करायला सुरुवात केली. अमेरिकेत पक्षिशास्त्रज्ञ लिंकन यांनी १९३० मध्ये हाच हिशोब रानबदकांना लावला. तळे लहान असल्याने आपले काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे.

पहिल्या दिवशी फेकजाळे किंवा लहान ओढजाळे वापरून शक्य तितके मासे पकडा. कल्ल्यात अडकवून धरणारे उभे जाळे इथे चालत नाही. त्यातून सुटलेला मासा जगला तरी जखमी असतो. धडधाकट मासे निवडा. पोटाखालच्या जोडीतल्या उजव्या पराचा एक तृतीयांश भाग नखे कापायच्या छोट्या कात्रीने कापा. शेपटीचा किंवा पाठीचा पर कापायचा नाही, पोहण्याला अडचण येते. पर काही आठवड्यांत पुन्हा वाढू लागतो, म्हणून ही खूण फक्त थोड्या दिवसांच्या मोजणीसाठी. कात्री प्रत्येक दहा-पंधरा माशांनंतर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात बुडवा. सोडण्याआधी माशाला मिठाच्या पाण्याचा झटका द्या: १५ लिटरच्या बादलीत ३०० ग्रॅम साधे मीठ, त्यात एक ते दोन मिनिटे. मासा आडवा पडू लागला तर लगेच बाहेर. बादलीतले पाणी तळ्यातलेच घ्या. विहिरीच्या थंड पाण्याने तापमानाचा धक्का बसतो.

खुणेचे मासे एका कोपऱ्यात ओतू नका. चारही बाजूंनी थोडे थोडे सोडा. नंतर तीन ते सात दिवस थांबा. त्याआधी जाळे टाकले तर खुणेचे मासे घाबरलेले आणि एकत्र असतात. फार उशीर केला तर काही मरतात, काही बगळ्याच्या पोटात जातात. या दिवसांत काठावर मेलेला खुणेचा मासा दिसला तर तो एकूण खुणांतून वजा करा.

दुसऱ्या फेरीत पुन्हा सगळीकडून मासे पकडा. एकूण किती आले आणि त्यात खुणेचे किती, ते मोजा. हिशोब असा: पहिल्या दिवशीच्या खुणांत एक मिळवा, दुसऱ्या दिवशीच्या एकूण माशांत एक मिळवा, दोघांचा गुणाकार करा, त्याला ‘खुणेचे सापडलेले अधिक एक’ने भागा आणि शेवटी एक वजा करा. हे एक-एक मिळवण्याची सुधारणा संख्याशास्त्रज्ञ चॅपमन यांची. आकडे लहान असले की साधा गुणाकार-भागाकार जास्त दाखवतो, तो दोष यात कमी होतो.

समजा ८० माशांना खूण केली. दुसऱ्या फेरीत १२० मासे आले आणि त्यात १५ खुणेचे. ८१ × १२१ = ९,८०१. १६ ने भागले तर ६१२.६, वजा एक, म्हणजे सुमारे ६१२.

आता खरी मेख. ६१२ हा आकडा टोकदार वाटतो, पण खुणेचे फक्त १५ मासे सापडले असतील तर खरी संख्या ३७० ते ८५५ च्या दरम्यान कुठेही असू शकते. एवढ्या फरकावर बर्फाचा अंदाजही नीट बसत नाही. १५० माशांना खूण केली आणि दुसऱ्या फेरीत १६० पकडून ३८ खुणेचे आले, तर हिशोब ६२२ येतो आणि फरक दोन्हीकडे दीडशेच्या आत राहतो. म्हणून नियम असा धरा की खुणेचे निदान ३० मासे परत हाती यायला हवेत. नाही आले तर आणखी फेक करा, पण फेरी एका दिवसातच संपवा. पाण्याबाहेर काढून एकदा मोजलेला मासा हाप्यात अडकवून ठेवा. तो पुन्हा तळ्यात गेला आणि दुसऱ्यांदा मोजला गेला, तर सगळा हिशोब बिघडतो.

आकडा कोणत्या बाजूला चुकेल, हे आधी ओळखता येते. खुणेचे मासे मेले, जाळ्याला बिचकून दूर राहिले किंवा खूण नजरेतून सुटली, तर खुणा कमी दिसतात आणि तळ्यात आहेत त्यापेक्षा जास्त मासे असल्याचा भास होतो. उलट, दोन्ही वेळा खाद्याच्या जागी जाळे टाकले तर तेच धीट मासे पुन्हा येतात, खुणा जास्त दिसतात आणि संख्या कमी निघते. तळाशी बसणारा मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) दोन्ही फेऱ्यांत चुकले तर ते हिशोबात येतच नाहीत. त्यांच्या खुणा आणि मोजणी शक्य असेल तर वेगळी ठेवा. तळ्यात तिलापिया, लोकांच्या तोंडी चिलापी, शिरली असेल तर तिची पिल्ले सगळा हिशोब उधळतात. बोटाएवढी पिल्ले मोजणीतून बाजूलाच ठेवा.

खाद्याचा ताळा

वही आणि खुणा यांचे उत्तर जुळते का, ते खाद्याच्या पोत्यांवरून तपासा. पेलेटवर (गोळी-खाद्यावर) वाढवलेला कटला, रोहू, मृगळासारखा कार्प जातीचा मासा साधारण १.८ किलो खाद्याला एक किलो वाढतो. आतापर्यंत ६५० किलो खाद्य गेले असेल तर वाढ सुमारे ३६१ किलो. सोडताना ८०० बोटुकल्यांचे वजन फार तर आठ-दहा किलो. म्हणजे ३७० च्या आसपास. आपल्या उदाहरणात वही ६०० मासे, म्हणजे ३४८ किलो सांगते, खुणा ६१२ मासे सांगतात आणि खाद्य ३७० किलो सांगते. तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत. खाद्याच्या हिशोबाने ३७० आणि वहीने ६०० किलो आले असते, तर वही बहुधा खोटी. अस्तरीकरण केलेल्या तळ्यात मातीचा संपर्क नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी असते, त्यामुळे हा ताळा इथे मातीच्या तळ्यापेक्षा बरा बसतो.

किती पातळीला काढायला सुरुवात करायची

आता ३४८ किलो पाण्यात पसरवा. २ मीटरवर दर घनमीटरला सुमारे २५७ ग्रॅम मासा येतो. १.५ मीटरवर ३५७ ग्रॅम. १ मीटरवर ५५७. अर्ध्या मीटरवर एक किलोच्या वर, ११६० ग्रॅम. हवा देणारे यंत्र नसलेल्या तळ्यात ३०० ग्रॅमच्या पुढे पहाटेचा प्राणवायू कमी पडण्याची भीती वाढते. ३५० च्या वर तर रात्री झोपच लागू नये. म्हणून पहिली अर्धी काढणी पाणी १.५ मीटरवर यायच्या आत करायची, १ मीटरवर नव्हे. त्या वेळी ३४८ पैकी निदान १३० ते १५० किलो बाहेर काढले तर राहिलेला मासा २०० किलोच्या आसपास येतो आणि १ मीटरवरही सव्वातीनशेच्या आतबाहेर राहतो.

मोठे मासे आधी काढा. आठशे ग्रॅम, किलोचा कटला आधी बाजारात न्यावा. चारशे ग्रॅमच्या रोहूला अजून महिनाभर वाढू द्यावे. कारण पुढे मागणीही येते: आखाडात मांसाहाराची गर्दी असते आणि जून-जुलैत समुद्रातल्या मासेमारीवर बंदी असल्याने शहरातल्या ताटात गोड्या पाण्याचा मासा येतो. बागेला पाणी पुरवून तळ्यात जुलैपर्यंत दीड मीटर पाणी राहत असेल तर दुसरी काढणी तेव्हाच करा. पाणी राहत नसेल तर हा विचार सोडा. आखाडाची वाट पाहत मासे मेले की भाव कितीही असला तरी उपयोग नाही. श्रावण लागला की मागणी ओसरते, हेही ध्यानात असू द्या.

हिवाळ्यात, निफाडचा पारा खाली जातो त्या आठवड्यांत, मासा फारसा खात नाही आणि तळाशी सुस्त पडून राहतो. तेव्हा खूण करून मोजणी करू नका. मासे हलत नाहीत, मिसळत नाहीत, आणि आकडा निरर्थक येतो.

उतरण्याआधी

प्लॅस्टिकच्या तळ्यात माणसे बुडतात, आणि पोहता येणारीसुद्धा. पाण्याखालचे शेवाळ साबणासारखे असते. उतारावर पाय टिकत नाही, हाताला धरायला काही मिळत नाही. एकट्याने कधीही उतरू नका. चारही बाजूंना दर फुटावर गाठ मारलेला जाड दोर काठावरच्या खुंटाला बांधून तळापर्यंत सोडा. हवा भरलेल्या टायरच्या दोन ट्यूब पाण्यावर तरंगत ठेवा. ज्याला पोहता येत नाही तो लाइफ जॅकेट घातल्याशिवाय उतरणार नाही, हे ठरवून टाका. लहान मुलांना त्या दिवशी तळ्याच्या कुंपणाबाहेर ठेवा.

जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या गुळगुळीत आहेत का, ते हाताने चाचपून पाहा; एका टोकदार गोळीने ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाडीचा) अस्तराचा कागदही चिरतो आणि चीर पावसाळ्यात पाणी भरल्यावरच कळते. बूट, चपला, बांबूची टोके पाण्यात नकोत. आठवडाभरात बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) किंवा कीटकनाशकाची फवारणी झाली असेल, आणि ब्लोअर (फवारणीचे यंत्र) तळ्याजवळ धुतला असेल, तर मासे विकायचा विचार पुढे ढकला. बोर्डोतले तांबे आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके थोड्या प्रमाणातही माशाला घातक असतात. खरे तर ब्लोअर तळ्याजवळ कधीच धुऊ नये.

ओढजाळे

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. रिकाम्या पोटाचा मासा प्राणवायू कमी घेतो, कमी घाण करतो आणि बर्फात जास्त टिकतो.

पाणी उपसून १ मीटरवर आणले की तळ्याची पाण्याची रुंदी २६ मीटर राहते. ओढजाळे त्याच्या दीडपट, म्हणजे ३६ ते ४० मीटर लांब हवे, आणि उंची पाण्याच्या दीडपट ते दुप्पट. ताणून सरळ बसणारे जाळे कमी पडते. त्याला पोट हवे. १.५ मीटरवर अर्धी काढणी करताना जाळ्याची उंची अडीच मीटरच्या आसपास ठेवा.

पंपाचे फूटव्हॉल्व्ह बारीक जाळीच्या टोपलीत ठेवा, नाहीतर बोटभर मासे पाइपात जातात. उपसायला किती वेळ लागेल, ते मोजून ठेवा. २०० लिटरचा ड्रम १५ सेकंदांत भरत असेल तर तासाला ४८ घनमीटर. १ मीटरवरून अर्ध्या मीटरवर यायला ३२५ घनमीटर पाणी काढावे लागते, म्हणजे जवळजवळ सात तास. त्यामुळे रात्री पंप चालू ठेवून सकाळी मासे काढू, ही कल्पना टाळा. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि तेव्हाच अर्ध्या मीटरमध्ये साडेतीनशे किलो मासे कोंडलेले असतील.

सूर्य वर आल्यावर, साधारण सात वाजता, सुरुवात करा. दहाच्या आत ओढ संपवा. प्रत्येक टोकाला तीन माणसे आणि खालच्या दोरावर एक. खालचा दोर वरच्या दोराच्या किंचित पुढे राहिला पाहिजे. तो मागे पडला तर मृगळ आणि सायप्रिनस तळाला चिकटून खालून निघून जातात. कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) वरून उडी मारतात, त्यांच्यासाठी जाळे किनाऱ्याला येताना वरचा दोर हातभर उचलून धरा. घाईने ओढू नका. जाळे ओढण्यापेक्षा चालण्याच्या वेगाने पुढे न्यायचे असते. मासे एका कोपऱ्यात आले की टोपलीने काढा, जाळे पिरगळून नका काढू, आतले मासे दबून त्यांचे खवले निघतात.

प्रत्येक ओढीनंतर पंपाचे पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडा. गाळ ढवळल्यावर तळाची घाण वर येते आणि प्राणवायू आणखी खाली जातो.

किती उरले, ते ओढीवरून

सारखेच जाळे, तीच माणसे, तेवढाच वेळ ठेवून दोन-तीन ओढी मारल्या की उरलेल्या माशांचा अंदाज निघतो. दर ओढीला मासे कमी होत जायला हवेत. पहिल्या ओढीचा वर्ग करा आणि पहिली वजा दुसरी या फरकाने भागा. पहिल्यात १८०, दुसऱ्यात ११० आले तर ३२,४०० भागिले ७०, म्हणजे सुमारे ४६३ मासे ओढण्याआधी तळ्यात होते. तिसऱ्या ओढीत याच हिशोबाने ६७ च्या आसपास यावेत. ६० आले तर हिशोब ठीक. तिन्ही मिळून ३५० आले, तर शंभर-सव्वाशे अजून तळ्यात आहेत.

दुसऱ्या ओढीत पहिल्याइतकेच किंवा जास्त मासे आले, तर सूत्र बाजूला ठेवा. पहिल्या वेळी जाळे कुठेतरी उचलले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. दोन ओढींमध्ये अर्धा-पाऊण तास थांबा. घाबरलेला मासा जाळ्याभोवती घिरट्या घालतो आणि लगेच हाती येत नाही.

शेवटचे मासे पाणी पूर्ण उपसल्याशिवाय निघत नाहीत. तळातल्या खोलगट जागी मरळ आणि वाम असतात. त्यांना हात लावताना काळजी घ्या, वामच्या पाठीवरचे काटे बोट फाडतात. थाई मांगूर (मांसाहारी परदेशी मासा) सापडला तर तो परत सोडायचा नाही. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

बर्फ आणि वजन

उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतकाच बर्फ लागतो, १५० किलो माशांना १५० किलो. आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि बारदानात गुंडाळून ठेवा. मासा पाण्याबाहेर येताच बर्फाच्या पाण्यात बुडवा. तो लवकर शांत होतो आणि मांस घट्ट राहते. टोमॅटोच्या कॅरेटला आतून प्लॅस्टिक लावून खाली बर्फाचा थर, मग मासे पोट खाली करून, मग पुन्हा बर्फ, असे भरा. तळाला भोक पाडा, वितळलेले पाणी बाहेर जाऊ द्या. कॅरेट ठासून भरू नका, खालचे मासे चेपतात आणि व्यापारी बोट दाबून दर पाडतो.

विकताना मोजणी आणि वजन दोन्ही लिहा, जातीवार. सगळे तळे रिकामे झाले की आकडा पक्का होतो: ८०० सोडले आणि ५६० निघाले तर तुमच्या तळ्याचे जगणे ७० टक्के. पुढच्या ऑगस्टला वहीच्या पहिल्या पानावर ७५ ऐवजी ७० लिहून हिशोब सुरू करा, आणि तळ रिकामा असतानाच कागदावरच्या चिरा शोधून चिकटवून घ्या.